ई स्तंभ, ओळ सत्तेचाळीस

ई स्तंभातल्या आठ चौकटींच्या उजव्या कडेला रेघ नव्हती. चव्वेचाळीसाव्या ओळीपासून एक्कावन्नाव्या ओळीपर्यंत. त्यांच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येक चौकटीला ती होती, केसाइतकी बारीक आणि राखाडी. काळी रेघ आकड्यांच्या अंगावर येते म्हणून अकरा वर्षांपूर्वी हेमानेच ती राखाडी ठरवली होती. तिने पडद्यावरचं पान दुपटीने मोठं केलं, मग चौपटीने. रेघ पुसट झालेली नव्हती, नव्हतीच. शिवाय त्या आठ आकड्यांचा आकार दहाऐवजी अकरा होता. इतका फरक दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता. हेमाच्याही लक्षात तो नऊ दिवस आला नव्हता.

हाताने टाइप केलेला आकडा चौकटीची रेघ पुसत नाही. रेघ एकाच कारणाने जाते: आकडा दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमधून उचलून इथे चिकटवला, की तो आपल्या घरचे कपडे घालूनच येतो. स्वतःचा आकार, स्वतःच्या कडा, आणि स्वतःचं कुलूपही. कारण कुठल्याही नव्या कोऱ्या फाइलमधली प्रत्येक चौकट मुळात कुलूपबंदच असते, फक्त तिथे ते कुलूप लागू केलेलं नसतं. हेमाच्या फाइलमध्ये ते लागू होतं. तिने भरण्याच्या चौकटी तेवढ्या एकेक करून मोकळ्या ठेवल्या होत्या, बाकी सगळं पान बंद. बाहेरून आलेला आकडा मोकळ्या चौकटीत बसला की मागून दार लागायचं आणि मग तो आकडा कुणालाच हलवता यायचा नाही. हे तिला माहीत होतं. म्हणून तर भिंतीवर तिच्या अक्षरात कागद लावलेला होता, ‘पेस्ट करताना फक्त व्हॅल्यू पेस्ट करा.’ कागदाचे कोपरे आता पिवळे पडले होते आणि त्याच्यावर कुणीतरी कुरिअरवाल्याचा नंबर लिहिला होता.

कीबोर्डच्या शेजारी दुसरा कागद होता, आजचा. लॅबचा मालक साकेत, त्याने सकाळीच आणून ठेवलेला. ‘फाइल संरक्षित होती. मर्यादा आणि रंगांचे नियम बरोबर होते. चूक डेटा एन्ट्रीच्या वेळी झाली.’ खाली हेमाचं नाव, हुद्दा आणि सहीसाठी दोन बोटं जागा. तिन्ही वाक्यं खरी होती. तिने ती पुन्हा वाचली, एखाद्या विद्यार्थ्याचं गणित तपासावं तशी, पायरी पायरीने. एकाही पायरीत चूक नव्हती.

गोष्ट साधी होती, आणि सकाळपासून लॅबमध्ये ती सगळ्यांनी एकमेकांना सांगून आणखी साधी केली होती. घोडबंदर रोडवरच्या एका अठ्ठावीस मजली इमारतीच्या टाकीतल्या पाण्याचा नमुना दर आठवड्याला माजिवड्याच्या या लॅबमध्ये यायचा. पाण्यात उरलेलं क्लोरिन किमान शून्य पूर्णांक दोन असावं लागतं. त्याखाली गेलं की हेमाच्या फाइलमधली चौकट लाल होते आणि त्याच संध्याकाळी सोसायटीला निरोप जातो, टाकीत औषध घाला. त्या शनिवारी बाटलीच्या चिठ्ठीवर लॅबमधल्या ज्युनिअर वर्षालीच्या अक्षरात शून्य पूर्णांक शून्य दोन लिहिलेलं होतं. फाइलमध्ये शून्य पूर्णांक दोन. चौकट पांढरीच राहिली, रिपोर्टवर ‘पिण्यास योग्य’ छापून आलं, आणि पुढच्या नऊ दिवसांत त्या इमारतीतली एकतीस माणसं उलट्या-जुलाबाने आडवी झाली. दोघांना सलाइन लावावं लागलं. दोघंही आता घरी आहेत, असं साकेत दर वेळी सांगायचा, जणू त्याने स्वतः त्यांना रिक्षात बसवून सोडलं होतं. “शून्य खाल्लं पोरीने,” तो म्हणाला होता. “दुसरं काय?”

दुसरं काय ते हेमाला माहीत होतं. त्या आठ चौकटींकडे पाहताच कळलं होतं, आणि कळल्यावर ती अर्धा तास तशीच बसून राहिली होती.

तो शनिवार तिला मिनिटासकट आठवत होता. ती डोंबिवलीला आईकडे होती, दर शनिवारी असायची तशी. तिचा नवरा हरिहर तिला गाडीने सोडायचा, शीळफाट्याच्या कोंडीत दोघं मुकाट्याने बसायची आणि तो एकदा तरी म्हणायचा, “सोड ना आता, हेमा. छप्पन्न पुरं झालं की सोडते म्हणालेलीस.” तिला आता अठ्ठावन्नावं चालू होतं. आईची दृष्टी मधोमध गेलेली होती. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे बोलताना ती हेमाच्या कानाच्या बाजूला बघायची. दिवसभर शांताबाई असायच्या, त्या सगळं करायच्या, पण नखं काढायला भ्यायच्या. म्हणून नखं हेमाची. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात भिजवायचा, मग एकेक बोट. आईच्या अंगठ्याचं नख जाड झालं होतं, त्यावर उभ्या रेघा होत्या, आणि तो अंगठा हेमाच्या डाव्या मुठीत असताना फोन वाजला. बारा वाजून दहा मिनिटं.

“मॅडम, एक सेल अडकलाय. माझ्याकडून चुकीचं गेलंय आणि आता बदलायला जाते तर घेतच नाहीये. प्रोटेक्टेड म्हणतंय. पासवर्ड सांगता का? करते आणि लगेच विसरते, शप्पथ.”

हेमा हसली होती. हसल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. “विसरायला कशाला लावू तुला? सांगतच नाही. राहू दे, सोमवारी बघते.”

“पण मॅडम, पाच वाजता रिपोर्ट जातात ना...”

“सोमवारी, वर्षाली.”

वर्षालीने कुठला सेल ते सांगितलं होतं का? क्लोरिन हा शब्द तिने उच्चारला होता का? आता हेमाच्या कानात तो शब्द अगदी नीट ऐकू येत होता, पण त्यावर तिचा विश्वास नव्हता. उत्तर कळल्यावर आठवणारी निरीक्षणं धरायची नसतात, हे तिने बीएस्सीच्या मुलींना दोन वर्षं शिकवलं होतं. उत्तर आधी कळलेलं असलं की ब्युरेटचं वाचनही हवं तिथे थांबतं. कदाचित तो शब्द तिने आज सकाळी तिथे घातला असेल. कदाचित उलटंही असेल. शब्द होता, आणि त्या दिवशी तिने तो ऐकला नाही, कारण अंगठ्याचं नख कापताना जिवंत मांसाला कात्री लागेल या भीतीने तिचं सगळं लक्ष तिथे होतं. दोन्ही शक्यता तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हींत पासवर्ड तिने दिला नव्हता.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं होतं, “कोण गं?”

“ऑफिस.”

“काय म्हणते तुझी फाइल? जेवली का?”

आई असंच विचारायची. आधी ती विचारायची, कधी सोडतेस, माझ्याकडे चार दिवस राहायला कधी येतेस. मग दोन वर्षांत तो प्रश्न हळूहळू फाइलवर येऊन थांबला. फाइल झोपली का. फाइलला बरं आहे का. हेमा दर वेळी म्हणायची, दिवाळीनंतर, मार्चनंतर, ऑडिट झालं की. मी नसले तर बघणार कोण? हे ती खरंच विचारत असायची. आणि कुणी बघायला शिकणार नाही याची व्यवस्थाही तिनेच केलेली होती, हे मात्र तिला आज पहिल्यांदा, त्या आठ उघड्या कडांसमोर, सरळ वाक्यात सुचलं.

सोमवारी काय झालं होतं? तिने आठवून पाहिलं. आजारपण नव्हतं, पाहुणे नव्हते, कुणाचा फोन नव्हता. कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. सोमवारी ती नेहमीसारखी पाचपाखाडीहून रिक्षाने आली, फाइल उघडली, आणि कुणीतरी दहाव्या ओळीत तारखेच्या जागी वार लिहिलेला दिसला. म्हणून तिने तारखेच्या स्तंभावर नवा नियम बसवला, आणि मग ओळींची उंची कमीजास्त वाटली म्हणून सगळ्या ओळी समान केल्या. त्यात चाळीस मिनिटं गेली. सत्तेचाळीसावी ओळ पडद्याच्या खाली होती. खाली सरकवलं असतं तर दिसली असती. तिने सरकवलं नव्हतं.

कुलूप लावलं तेव्हा थोरले सर होते, साकेतचे वडील. तेव्हा फाइलची अवस्था रस्त्यावरच्या भिंतीसारखी होती. येणाराजाणारा काहीही लिहून जायचा. तारखा चार प्रकारांनी. कुणी आपल्या इमारती हळदीच्या रंगात रंगवायचा, कुणी सूत्रावरच आकडा टाइप करून मोकळा व्हायचा. शेरा नावाचा एक स्तंभ होता, त्यात नमुने आणणारा दिपेश लिहायचा, ‘वॉचमनने चहा दिला, साखर जास्त.’ ‘लिफ्ट बंद, सव्वीस मजले पायी, देवा.’ त्याच्या लांबलचक शेऱ्यांनी ओळ फुगायची आणि छापील पान दोन पानांवर जायचं. हेमाने तीन रविवार घरी बसून ते सगळं निस्तरलं. शेऱ्याचा स्तंभ काढून टाकला. भरायच्या चौकटी मोकळ्या ठेवल्या, बाकीचं बंद. भाडेकरूंना सांगतात तसं तिने सगळ्यांना सांगितलं, राहा खुशाल, पण भिंतीला खिळा मारायचा नाही. थोरले सर पडद्यापुढे उभे राहून म्हणाले होते, “हेमा, आता लॅबची अब्रू तुझ्या हातात.” त्या एका वाक्यावर तिने किती वर्षं काढली! पासवर्ड तिने त्यांनाही सांगितला नव्हता. त्यांनी विचारलाही नव्हता.

खिडकीतून उड्डाणपुलाची बाजू दिसत होती आणि त्याखाली घोडबंदरच्या बसला लटकलेली माणसं. दुपारचा एक वाजला होता. तिने डबा उघडला नाही. तिला अचानक डोंबिवलीच्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघराच्या कपाटाचं दार आठवलं, त्याची आतली बाजू. तिथे बाबांनी ड्रॉइंग पेपर चिकटवला होता. पाण्याची वेळ हल्ली फार बदलते म्हणून ते नोंद ठेवणार होते, आणि महिन्याअखेर नगरपालिकेला दाखवणार होते. निळ्या पेन्सिलीने आडव्या रेघा, लाल पेन्सिलीने उभ्या. तारीख. पाणी आलं, किती वाजता. पाणी गेलं, किती वाजता. धार कशी, यासाठी एक ते पाच आकडे. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, सकाळी साडेसातला जायचे, त्यामुळे भरायचं आईने. आई भरायची. मोत्यासारखं अक्षर, रेघेला न शिवता. आणि एका दिवशी, हेमा तेव्हा सातवीत असेल, आईने त्या तारखेसमोर तिन्ही चौकटींवरून आडवं लिहिलं होतं, ‘पाणी आलं असेल. मी घरी नव्हते.’

संध्याकाळी बाबांनी ते वाचलं. रागावले नाहीत. त्यांनी खोडरबर आणलं आणि नीट, कागद न फाटेल असं ते पुसलं. मग पट्टी घेऊन पुसल्या गेलेल्या लाल रेघा पुन्हा ओढल्या. “शेजारी विचारून वेळ भर,” ते म्हणाले. आईने विचारून वेळ भरली. नऊ दहा ते दहा पाच, धार तीन. त्या दिवशी आई कुठे होती हे बाबांनी विचारलं नाही. हेमानेही नाही, तेव्हाही नाही आणि नंतरची पंचेचाळीस वर्षंही नाही. तिला आठवत होतं ते इतकंच की बाबांनी ओढलेल्या नव्या रेघा जुन्यांपेक्षा जास्त सरळ होत्या आणि तिला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. आई त्या वेळी कपाटाच्या बाजूलाच उभी होती. पण आईचा चेहरा त्या आठवणीत कुठेच नव्हता. हेमाने पुन्हा शोधला. कागद दिसत होता, पट्टी दिसत होती, बाबांचा अंगठा दिसत होता.

तिने पडदा बंद केला आणि बाटल्या धुवायच्या खोलीत गेली.

वर्षाली मोरीपाशी उभी होती. हातमोजे घालून बाटल्या ब्रशने घासत होती, गरजेपेक्षा जोरात. ती बाळकुमच्या खाडीकाठच्या कोळी घरातली. वडील नामा जाळं टाकायचे तोवर टाकलं, मग खाडीत मासळीपेक्षा कचरा जास्त यायला लागला तेव्हा होडी विकून वॉचमन झाले. घरात लॅबचा पांढरा कोट घालणारी ती पहिली. पुढच्या महिन्यात रिपोर्टवर सही करायच्या परवानगीसाठी तिचं नाव जाणार होतं. तिची आजी आवडाबाई त्यासाठी आताच नवस बोलून बसली होती. साकेतच्या कागदावर सही झाली की ते नाव जाणार नव्हतं. नोकरीही जाणार होती, आणि जिथे जाईल तिथे हा कागद तिच्या आधी पोचणार होता. ठाण्यातल्या सगळ्या लॅब एकमेकींना ओळखतात.

“जेवलीस?” हेमाने विचारलं.

“नाही जात मॅडम आज. आजीने बोंबलाची चटणी दिलेय. डबा उघडला असता तर साकेत सरांनी त्याच्यासाठी पण वेगळा मेमो दिला असता.” ती हसली, मग हसू तिथेच विझलं. “किती वाजता येणारेत ते सोसायटीवाले?”

“चारला.”

“मग चारपर्यंत बाटल्या तरी होतील.”

हेमा ओट्याला टेकून उभी राहिली. नळाचं पाणी एका लयीत पडत होतं. “तू ते पेस्ट केलंस,” ती म्हणाली. “आठही. तुझ्या फोनमधल्या शीटमधून.”

वर्षालीने मान वर केली नाही. “दिपेश आलेला नव्हता त्या दिवशी. दोन्ही रूट मीच केले, कासारवडवलीपर्यंत. रिक्षात बसून फोनमध्येच भरत गेले. तिथंच एक शून्य राहिलं. ते माझंच चुकलं, मी नाही म्हणतच नाही. इथे येऊन टाकल्यावर बाटल्यांच्या चिठ्ठ्यांशी जुळवलं, पाच मिनिटांत कळलं. त्या टाकीत वास पण येत होता, मॅडम. शेवाळासारखा नाही, वेगळाच. आमच्याकडे खाडीला असा वास आला की आजी पाय पण घालू देत नाही. पण लिहायचं कुठे? वासाच्या सेलमध्ये दोनच ऑप्शन आहेत, चालेल आणि नाही चालेल. ‘नाही’ टाकायला दोघांची सही लागते, आणि मी एकटीच होते. मग सेल बदलायला गेले तर घेईच ना.”

“साकेतला का नाही सांगितलंस की तू मला फोन केला होतास?”

आता तिने नळ बंद केला. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. “काय सांगू? मॅडमना फोन केलेला, मॅडम सोमवारी बघते म्हणाल्या? आणि त्यांनी तुम्हाला विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता की आठवत नाही?”

“मी असं म्हणेन असं वाटलं तुला?”

“तुम्ही अजून काहीच म्हणाला नाहीत ना, मॅडम. सकाळपासून.”

वर्षालीचा आवाज चढलेला नव्हता, तिने ते हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. मग तीच पुढे म्हणाली, “सोमवारी मी बघितलेलं तुम्हाला फाइल घेऊन बसलेलं. खूप वेळ बसलेलात. मला वाटलं, झालं. दुसऱ्यांदा कसं विचारायचं? तुम्हाला आवडत नाही ना कुणी दोनदा विचारलेलं.”

खरंच आवडत नव्हतं. हेमा आपल्या टेबलाकडे परतली. तिने कॉलरेकॉर्ड पाहिलं. शनिवार, बारा दहा, वर्षाली, एक मिनिट बेचाळीस सेकंद. एवढ्या वेळात पासवर्ड किती वेळा सांगून झाला असता याचा हिशेब तिच्या मनाने तिच्या परवानगीशिवाय केला. अक्षरं नऊ. सावकाश म्हटली तरी सात सेकंद. तिला स्वतःचाच थकवा आला. इतकी वर्षं ती चुका येऊ नयेत म्हणून राखण करत होती, आणि आलेली चूक बाहेर जायला निघाली तेव्हा दारात तीच उभी होती.

तीन वाजता साकेत आला. तो तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. ह्याला तिने शाळेच्या निळ्या चड्डीत पाहिलं होतं, परीक्षानळीत शाई घालून खेळताना कान पकडून बाहेर काढलं होतं. पण वडिलांच्या खुर्चीत तो बसला त्या पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून ‘तुम्ही’ गेलं, आणि त्याने ते परत केलं नाही.

“सही झाली का, मॅडम?”

“वाचते आहे.”

“तीन वाक्यं आहेत हो.” त्याने डोळे चोळले. त्याचीही झोप झालेली नसावी. “मला काय आनंद होतोय का? पोरगी चांगली आहे. पण कुणाचं तरी नाव द्यावं लागणार. नाहीतर ते म्हणणार सिस्टिमच खराब आहे, मग बाकीच्या साठ सोसायट्या पण जाणार. बाबांनी उभं केलेलं आहे हे. सिस्टिम म्हणजे तुम्ही, मॅडम. तुमच्या नावाला धक्का लागू देणार नाही मी.”

हे तो प्रेमाने म्हणत होता. हेमाला ते कळलं, आणि ते कळल्यामुळे जास्त जड गेलं. “मी चारला येते आत,” ती म्हणाली.

चारला सोसायटीची सेक्रेटरी आली, एकटीच. सोनल तिचं नाव, चाळिशीची, खांद्याला लॅपटॉपची बॅग, ऑफिसमधून अर्धी रजा टाकून आलेली. तिने चहा नको म्हटलं आणि पाणी विचारल्यावर आपल्या बॅगेतली बाटली काढून दाखवली, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन जरा ओशाळली. साकेत खुर्चीत, हेमा त्याच्या बाजूला, वर्षाली दाराशी उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. एसीखाली ठेवलेल्या कागदाचा कोपरा फडफडत होता, त्यावर साकेतने पेन आडवं ठेवलं.

“मला भांडायचं नाहीये,” सोनल म्हणाली. “भांडायची ताकदच नाही उरली. माझीच मुलगी सलाइनवर होती दोन दिवस. मला फक्त सांगा ग्रुपवर काय लिहू. एकशे बारा फ्लॅट आहेत, सगळे मलाच विचारतात. मागच्या वेळेला लॅब बदलूया म्हणत होते तेव्हा मीच म्हटलेलं, नको, यांचे रिपोर्ट किती नीट असतात बघा.”

“रिपोर्ट नीटच असतात, मॅडम,” साकेत म्हणाला. “हा ह्यूमन एरर आहे. एन्ट्री करताना एक शून्य सुटलं. संबंधित व्यक्तीला आम्ही आजपासून कमी करतोय. आणि आमच्या सीनियर अॅनालिस्टचं लेखी सर्टिफिकेट देतो, की सिस्टिम व्यवस्थित आहे.” त्याने कागद हेमाकडे सरकवला. “हेमा मॅडम.”

हेमाने पेन उचललं. दाराशी वर्षालीने एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं. तिच्या चपलेचा आवाज झाला. कागदावरची तिन्ही वाक्यं अजूनही खरी होती. त्यांच्याखाली जागा कमी होती. दोन बोटं. तिथे फक्त नाव मावलं असतं. हेमाने पेन पुन्हा खाली ठेवलं आणि कागद उलटा केला.

“शून्य हिच्याकडूनच सुटलं,” ती सोनलला म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला, वर्गात शिकवायची तेव्हाचा. “पण पाच मिनिटांत हिने ते पकडलं होतं. दुरुस्त करायला गेली तर चौकट बंद झाली होती. ते कुलूप मी लावलेलं. अशी अडचण होते हे मला माहीत होतं. हिने मला फोन केला, शनिवारी बारा दहाला, रिपोर्ट जायच्या पाच तास आधी. पासवर्ड मागितला. मी दिला नाही. सोमवारी बघते म्हणाले, आणि सोमवारी बघितलं नाही.”

“का?” सोनलने विचारलं. तिच्या प्रश्नात राग नव्हता, त्यामुळे उत्तर टाळता येण्यासारखं नव्हतं.

“विसरले.” ते पुरेसं नव्हतं. “आणि पासवर्ड द्यायचा नव्हता. अकरा वर्षांत कुणालाच दिला नाही. दिला की माझं इथे काय काम उरेल, असं वाटत असावं.”

“मॅडम, प्लीज,” साकेत हलक्या आवाजात म्हणाला, “हे आपण आपापसात बघू ना. नंतर.”

“बोलू द्या त्यांना,” सोनल म्हणाली. तिने बॅगेतून वही काढली होती, पण लिहीत नव्हती.

“रिपोर्टमध्ये चूक माझ्या नावावर लिहा,” हेमा साकेतला म्हणाली. “फोनची नोंद आहे माझ्याकडे, ती जोडा. हिचं नाव पुढच्या महिन्यात सहीसाठी जायचं आहे, ते जाऊ द्या.” मग ती सोनलकडे वळली. “तुमच्या टाकीत वास येतो हे हिलाच पहिल्यांदा कळलं होतं. मी टाकी बघितलेलीसुद्धा नाही.”

साकेतने उलटा कागद सरळ केला, वाचल्यासारखं केलं, पुन्हा उलटा केला. त्याचा चेहरा एकदम लहान दिसला. “मग फाइलचं काय करायचं?” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. “ती तुमच्याशिवाय कुणाला उघडतासुद्धा येत नाही. तुम्ही असं म्हटल्यावर उद्या कोण बघणार? सांगा ना. कोण बघणार?”

हा प्रश्न तिचा होता. दोन वर्षं दर शनिवारी तिने तो आईसमोर, हरिहरसमोर, स्वतःसमोर ठेवला होता, आणि तो विचारला की पुढचं बोलावं लागायचं नाही. दुसऱ्याच्या तोंडून तो किती छोटा ऐकू आला. तिने दाराकडे पाहिलं. वर्षालीचे हात अजून ओले होते, ती ते कोटाला पुसत होती.

“वर्षाली बघेल,” हेमा म्हणाली. “पासवर्ड तिला आत्ता देते. महिनाभर ती माझ्या खुर्चीवर बसेल आणि मी शेजारी. आणि साकेत, तू हे लिहून घे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तीस तारखेला मी नोकरी सोडते आहे.”